शंभर मिलिलिटरची कहाणी

एका घरी श्राद्धाच्या दिवशी मांजर फार लुडबुड करी. खिरीच्या पातेल्यात तोंड घालील या भीतीने घरातली सासू त्या दिवशी त्याला टोपलीखाली झाकून ठेवी. सून हे दरवर्षी पाही. पुढे सासू गेली, मांजरही गेले. सुनेवर श्राद्धाचा स्वयंपाक करण्याची पाळी आली, तेव्हा तिने सारी तयारी यथासांग केली आणि मग शेजारणीकडे जाऊन म्हणाली, "वन्सं, आजच्या दिवस तुमचं मांजर द्या, टोपलीखाली झाकायला आमच्याकडे मांजरच उरलं नाही!"

ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नियम शिल्लक राहतो आणि त्याचे कारण विसरले जाते, एवढाच तिचा मथितार्थ. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या रांगेत उभे राहिले की मला हटकून या मांजराची आठवण होते. पुढे सरकावे तसे एकेक फर्मान कानी पडते. पाण्याची बाटली रिकामी करा. पट्टा काढा. लॅपटॉप पिशवीतून बाहेर ठेवा. तुपाचा डबा? तो नाही चालणार. मागे-पुढे उभी असलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात, कुणी पुटपुटतात, कुणी घड्याळाकडे पाहतात. आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो की, हे मांजर नेमके कशासाठी झाकायचे?

मी शाळामास्तर आहे. वर्गात नियम सांगितला की त्याचे कारणही सांगावे लागते, नाही तर मुले तो पाळत नाहीत आणि पाळला तरी तो त्यांच्या अंगी लागत नाही, हा माझा नित्याचा अनुभव. त्यामुळे या रांगेची कारणे शोधण्याचा मला नाद लागला. शोधता शोधता असे दिसून आले की, या रांगेतला प्रमुख असा एकही नियम कुणाच्या लहरीतून निघालेला नाही. प्रत्येकामागे एक तारीख आहे, आणि काही तारखांमागे मृत माणसांची लांबलचक यादी आहे. ती कहाणी दिवाळीच्या अंकात सांगावी की नाही, असा विचार क्षणभर मनात येऊन गेला. पण दिवाळीच्या सुमारासच आपल्यापैकी कित्येक घरांतून फराळाचे डबे आणि आई-वडील असे दोन्ही परदेशी रवाना होत असतात. तेव्हा हाच काळ योग्य म्हणायचा.

विमान आले तेव्हा रांग नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या विमानात प्रवासी नव्हतेच, होती ती टपालाची थैली. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात अवघे ३५ प्रवासी होते. पस्तीस माणसांची रांग ती काय होणार! त्या काळी विमानाने परदेशी जाणे म्हणजे गावभर बोलले जाण्याजोगी घटना. हारतुरे, फोटो, डोळ्यांना पदर. सामानाची झडती होई ती मुख्यतः जकातीसाठी. प्रवाशाच्या हातातील पिशवीत काय आहे, याची चौकशी करणे हे प्रवाशाचा अपमान करण्यासारखे वाटावे, असा तो काळ होता. माणूस सज्जन आहे हे गृहीत धरलेले असे. पुढची सारी कहाणी म्हणजे हे गृहीत हळूहळू कसे पुसले गेले त्याचीच आहे.

पहिला धक्का बसला तो अपहरणांचा. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत शंभराहून अधिक वेळा विमाने पळविण्याचे प्रकार घडले. पुष्कळांना क्यूबाला जायचे असे, कुणाला पैसा हवा असे. विमान कंपन्यांना झडतीचा मार्ग पसंत नव्हता. प्रवासी दुखावतील, रांगा लागतील, धंदा बसेल, अशी त्यांची धास्ती. हवाना ते मायामी असा फेरफटका सोसणे त्यांना अधिक स्वस्त वाटे. पण नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघांनी एक विमान पळवले आणि ते टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली. तेव्हा मात्र सर्वांची झोप उडाली. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या प्रत्येक पिशवीची तपासणी सुरू झाली. आज आपण ज्या कमानीखालून जातो, तिची तिथली जन्मतारीख ही अशी आहे.

आपल्याकडची तारीख याहूनही आधीची आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परत आले. विमान मात्र तिथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली, आणि पूर्व व पश्चिम पाकिस्तानमधला हवाई प्रवास श्रीलंकेचा वळसा घालून करावा लागू लागला. त्याच वर्षी पुढे काय घडले ते आपण जाणतोच. यातली ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, त्या दोघांजवळचे पिस्तूल खोटे होते आणि हातबाँब लाकडाचा होता! म्हणूनच लहान मुलाच्या खेळण्यातली बंदूकही आज पिशवीतून काढून घेतात. पोरगे भोकाड पसरते, आजोबांना राग येतो. पण खोट्या पिस्तुलाने खरे विमान पळवता येते, हे आपण एकदा पाहिलेले आहे.

त्यानंतरची तारीख लिहिताना हात जड होतो. २२ जून १९८५. कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एक माणूस खिडकीशी आला. त्याला टोरांटोपर्यंत जायचे होते आणि तिथून पुढे एअर इंडियाच्या विमानाने भारतात. पुढच्या विमानातली त्याची जागा पक्की नव्हती. नियमाप्रमाणे अशा प्रवाशाची पेटी परस्पर पुढच्या विमानावर पाठवता येत नसे, आणि खिडकीवरच्या बाईंनी तसे त्याला सांगितलेही. पण तो हुज्जत घालू लागला. त्याच्या मागे रांग वाढत चालली होती. माणसे खोळंबली होती. अखेर त्या बाईंनी नाइलाजाने पेटीवर पुढची चिठ्ठी लावली. पेटी गेली, माणूस मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरणांचे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते, आणि उरलेल्या पेट्यांवर हातातले एक वास घेणारे उपकरण फिरवून काम भागवण्यात आले. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर 'सम्राट कनिष्क' हे विमान फुटले. ३२९ माणसे गेली. त्यांत अनेक मुले होती, सुट्टीत आजी-आजोबांना भेटायला निघालेली. त्याच दिवशी व्हँकुव्हरहूनच निघालेली दुसरी पेटी जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान वाहणारे दोन कामगार ठार झाले. तीही एअर इंडियाच्याच विमानात जायची होती.

आयर्लंडमधील अहाकिस्ता या खेड्यात समुद्राकाठी त्या प्रवाशांचे स्मारक आहे. पण माझ्या मते त्यांचे एक मोठे स्मारक जगातल्या विमानतळांवर रोज उभे असते, फक्त ते ओळखू येत नाही. विमान सुटायला उशीर होतो आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते की, एक प्रवासी आलेला नाही, म्हणून त्याचे सामान उतरवले जात आहे. आपण वैतागतो. कोण हा बेजबाबदार गृहस्थ, असे म्हणतो. वास्तविक तो उशीर म्हणजे त्या ३२९ जणांसाठी पाळलेली घटकाभराची शांतता आहे. माणूस नसेल तर पेटीही नाही, हा दंडक कनिष्कानंतर जगाने पक्का केला. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हा विभाग १९७८ पासून होता. १ एप्रिल १९८७ रोजी त्याला स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले तेही या घटनेनंतरच. पुढे डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणारे विमान कंदाहारला नेण्यात आले, आणि त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात येऊ लागली.

कनिष्काच्या हकिगतीतली एक गोष्ट मला राहून राहून बोचते. तिथे नियम नव्हता असे नाही. नियम होता आणि तो सांगणारी व्यक्तीही जागेवर होती. तो मोडला गेला तो खोळंबलेल्या रांगेच्या दडपणाखाली. तेव्हा रांगेत उभे राहून पुढच्याला "अहो, आटपा लवकर" असे ओरडणे, किंवा खिडकीवरच्या माणसाला "एवढ्यासाठी काय अडवता" असे म्हणणे, हे दिसते तेवढे निरुपद्रवी नाही.

आता मुख्य कथेकडे, म्हणजे बाटलीकडे वळू. द्रवपदार्थाचा धोका जगाला २००६ साली कळला, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी बगदादहून निघालेल्या कोरियन विमानात उत्तर कोरियाच्या दोघा हस्तकांनी एक रेडिओ आणि मद्याची एक बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि ते स्वतः अबुधाबीला उतरून गेले. त्या बाटलीत मद्य नव्हते. अंदमानच्या समुद्रावर ते विमान नष्ट झाले आणि ११५ माणसे गेली. पुढे ११ डिसेंबर १९९४ रोजी मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला निघालेल्या फिलिपिन्सच्या विमानात आसनाखाली स्फोट झाला. एक जपानी प्रवासी ठार झाला. वैमानिकाने विलक्षण धैर्याने मोडके विमान ओकिनावा बेटावर सुखरूप उतरवले, म्हणून बाकीचे वाचले. तो बाँब विमानात आला होता डोळ्यांत घालायच्या भिंगांचे पाणी ठेवतात त्या बाटलीतून. महिन्याभरातच मनिलातील एका बिऱ्हाडात आग लागली आणि पोलिसांच्या हाती जे कागद लागले त्यांवरून असे दिसले की, ती केवळ रंगीत तालीम होती. पॅसिफिकवरून जाणारी अनेक विमाने एकाच वेळी पाडण्याचा मूळ बेत होता.

एवढे होऊनही बाटली मोकळीच राहिली. तिच्यावर बंधन आले ते १० ऑगस्ट २००६ रोजी, आणि तेही कुणी न मरता. लंडनच्या पोलिसांनी आदल्या रात्रीपासून दोन डझनांच्या आसपास माणसे पकडली. हीथ्रोहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेण्याचा त्यांच्यातील काहींचा कट होता. पुढे २००९ साली त्यांच्या म्होरक्याला जन्मठेप झाली आणि किमान ४० वर्षे तुरुंगात काढण्याची शिक्षा सुनावण्यात आली. पण त्या ऑगस्टच्या सकाळी ब्रिटनच्या विमानतळांवर जे दृश्य दिसले ते अपूर्व होते. हातात पिशवी म्हणून न्यायची नाही. पासपोर्ट, पैसे, चष्मा, औषध असे अगदी नडीचे सामान पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाती धरायचे. आणि तान्हे मूल बरोबर असेल तर त्याच्या दुधाच्या बाटलीतील दूध आईने किंवा बरोबरच्या माणसाने पहारेकऱ्यासमोर चाखून दाखवायचे!

वाचकहो, या शेवटच्या नियमावर मी पुष्कळ विचार केला आहे. राजवाड्यात राजाचे अन्न आधी दुसऱ्याने चाखून पाहावे, ही प्रथा आपण इतिहासात वाचतो. विसाव्या शतकात माणसाने राजे घालवले. आणि एकविसाव्या शतकात आईला आपल्याच लेकराचे दूध अनोळखी माणसासमोर चाखून दाखवावे लागले. त्यात त्या पहारेकऱ्याचा दोष नाही, आईचा तर नाहीच नाही. पण १९४८ साली जे गृहीत धरले होते, ते त्या दिवशी शेवटच्या थेंबापर्यंत आटले.

सगळीच बाटली बंद ठेवून जग चालेना. तेव्हा २६ सप्टेंबर २००६ रोजी अमेरिकेने आणि ६ नोव्हेंबर २००६ रोजी युरोपीय संघाने तोडगा काढला. माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ मार्च २००७ पर्यंत तो सर्व देशांनी अमलात आणावा अशी शिफारस केली. तोडगा असा: कोणताही द्रव, लेप किंवा फवारा १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत नको, आणि अशा साऱ्या लहान बाटल्या मिळून एक लिटरच्या, साधारण वीतभर लांबी-रुंदीच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. माणशी एकच पिशवी. लहान मुलांचे अन्न आणि लागणारी औषधे यांना सवलत. बाकीचे खालच्या मोठ्या पेटीत जाऊ द्या.

हे बंधन का घालावे लागले, तर यंत्राच्या दुबळेपणामुळे. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात सुरी दिसते, कात्री दिसते. पण बाटलीतले पाणी आणि बाटलीतले विष जवळजवळ सारखेच दिसते. यंत्राला जे ओळखता येत नाही, ते मापाने आवरायचे, असा हा हिशेब आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या आक्काला तिच्या लेकीने लंडनला बोलावले आणि सोबत म्हणून मलाही नेले. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून आक्काची पिशवी बाहेर आली आणि बाजूला निघाली. पिशवीत होती तेलाची बाटली. माका आणि जास्वंद घालून घरी उकळलेले खोबरेल, नातवाच्या पहिल्या अभ्यंगासाठी. मोठ्या पेटीत सांडले तर अनारशांचे वाटोळे होईल, म्हणून तिने ती जिवाशी धरली होती.

"मावशी, हे नेता येणार नाही," गणवेशातली पोरगी म्हणाली. "बाटली दोनशेची आहे."

"अगं, पण तळाशी चार बोटं तर तेल आहे! पन्नाससुद्धा भरायचं नाही."

"तेल किती आहे ते नाही बघत मावशी. बाटली केवढी आहे ते बघायचं असतं."

आक्का माझ्याकडे पाहू लागली. हे तिला सरळसरळ मूर्खपणाचे वाटत होते, आणि तिच्या जागी कुणालाही वाटले असते. मी तिला बाजूच्या बाकावर बसवले आणि मनिलाच्या विमानाची आणि लंडनच्या बाटल्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली. हेही सांगितले की, ही मुलगी एका पाळीत शेकडो बाटल्या पाहते. प्रत्येक बाटलीत किती उरले ते मापत बसली तर विमान आपल्याला टाकून जाईल. बाटलीवर छापलेला आकडा मात्र एका नजरेत वाचता येतो. आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग उठली, बाटली उघडून बोटभर तेल तिने आपल्या डोक्यावर घातले, बोटभर माझ्या टाळूवर थापले, आणि बाटली त्या मुलीच्या हातात देत म्हणाली, "ठेव पोरी. कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तोंड उघडलंच नसतं."

या एका वाक्यात माझे सारे म्हणणे आले आहे.

अशी पाळी वाचकांपैकी कुणावर येऊ नये म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. चिवडा, चकली, कडबोळी, लाडू यांना विमानाची हरकत नाही. ज्या देशात उतरायचे तिथले जकातीचे नियम मात्र पाहून घ्यावेत. तूप, मध, श्रीखंड, तेल सुटलेले लोणचे, पातळ चटणी, अत्तर, दात घासण्याची पेस्ट ही सारी द्रवात किंवा लेपात मोडतात. थंडीत गोठलेले खोबरेलही त्यातच. ती खालच्या पेटीत, पक्क्या झाकणाच्या डब्यात, वर पिशवी बांधून द्यावीत. उटणे कोरडे असल्यामुळे द्रवात धरत नाहीत. परंतु अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३० जून २०१८ पासून सुमारे ३५० मिलिलिटरहून अधिक पूड हातात असेल, तर तिची जादा तपासणी होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नयेत. सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोक्याच्या मालात गणले जाते. फुलबाज्या आणि फटाके तर वरही नाहीत आणि खालीही नाहीत. मोबाइल भरण्याची बॅटरी याच्या उलट: ती हातातच ठेवायची, पेटीत नाही. विमानतळावरच्या दुकानातून बाटली घेतली तर दुकानदार ती मोहोरबंद पिशवीत देतो. मुक्कामाला पोचेपर्यंत ती पिशवी फोडू नये, वाटेत विमान बदलायचे असेल तर मुळीच नाही.

आता रांगेविषयी थोडे गणित. कोपनहेगनच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलांचा अभ्यास करून रांगेच्या शास्त्राचा पाया घातला. त्याच्या खोलात न शिरता आपण चौथीतल्या मुलाला करता येईल असे उदाहरण घेऊ. समजा, तपासणीच्या एका टेबलावर माणशी २० सेकंद लागतात. म्हणजे तासाला १८० माणसे सुटतील. आता समजा, दर दहांतल्या एकाच्या पिशवीत मोठी बाटली निघाली आणि त्याच्यापायी दोन मिनिटे जादा गेली. ती दहा जणांत वाटली तर माणशी १२ सेकंद वाढले. २० चे ३२ झाले आणि तासाला १८० ऐवजी ११२ माणसे सुटू लागली. एका माणसाच्या एका बाटलीने रांग जवळजवळ दीडपट लांबवली! परदेशी जाणारी पुष्कळ विमाने आपल्याकडून मध्यरात्री आणि पहाटे एकापाठोपाठ एक निघतात, त्यामुळे सगळा लोंढा एकाच वेळी येतो. म्हणून तीन तास आधी या असे सांगतात ते उगीच नव्हे. आपली बाटली घरीच जागच्या जागी ठेवणे हे रांगेतल्या शेकडो अनोळखी माणसांवर केलेले उपकार आहेत, आणि त्यांना ते कधी कळायचेही नाहीत.

येथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर तर सरकारी नियमांची वकिली करू लागले. तसे नाही. मांजर मेल्यावर टोपली उचलून ठेवायची असते, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. आणि अधूनमधून ती उचललीही जाते. परदेशी जाताना आपल्याला एक प्रस्थानपत्रिका भरावी लागे. पासपोर्टवरचीच माहिती पुन्हा लिहायची आणि पेन नसेल तर शेजाऱ्याकडे मागायचे. तीच माहिती यंत्रात असते हे ध्यानात आल्यावर १ जुलै २०१७ पासून ती भारतात बंद झाली. हातपिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत त्याच वर्षी मोठ्या विमानतळांवरून जाऊ लागली. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात दडवलेला बाँब पेटवण्याचा प्रयत्न केला. पुढे २००६ पासून अमेरिकेत सर्वांना बूट काढावे लागू लागले. नवी यंत्रे आल्यावर जुलै २०२५ मध्ये तो नियम उठला. एका माणसाच्या बुटापायी कोट्यवधी लोक जवळजवळ एकोणीस वर्षे अनवाणी चालले!

बाटलीचीही सुटका दृष्टिपथात आहे. इस्पितळात सीटी स्कॅन करतात, तसलेच यंत्र आता पिशव्यांसाठी निघाले आहे. ते अनेक बाजूंनी चित्रे घेऊन वस्तूचा आतला घाट आणि घनता दाखवते, त्यामुळे पाणी कोणते आणि घातक द्रव कोणता हे पुष्कळ अंशी कळते. लंडन सिटी विमानतळाने एप्रिल २०२३ मध्ये या यंत्रांच्या भरवशावर दोन लिटरपर्यंतची बाटली नेऊ दिली. पण वाट सरळ नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अशी यंत्रे असलेल्या विमानतळांवरही पुन्हा शंभर मिलिलिटरचे बंधन घातले, आणि २०२५ मध्ये त्यांतील काही यंत्रांना नव्याने मान्यता दिली. त्यामुळे जाताना एक नियम आणि येताना दुसरा, अशी स्थिती सध्या होऊ शकते. आपल्याकडून परदेशी निघणाऱ्याने शंभराचाच हिशेब धरून निघावे, हे उत्तम.

नियम घालायला एक सकाळ पुरते आणि काढायला वीस वर्षेही अपुरी पडतात, असे का व्हावे? मला वाटते, याचे कारण भीतीच्या स्वभावात आहे. नियम ठेवला आणि काही घडले नाही, तर नियमामुळे घडले नाही असे म्हणता येते. नियम काढला आणि काही घडले, तर काढणाऱ्याला क्षमा नाही. म्हणून टोपली उचलायला कुणाचा हात धजत नाही. अशा वेळी कारण ठाऊक असणारी माणसेच उपयोगी पडतात. ज्याला नियमाची तारीख माहीत आहे तोच तो नीट पाळू शकतो, आणि त्याची गरज संपली असे ठामपणे म्हणण्याचा अधिकारही त्यालाच असतो. ज्याला कारण ठाऊक नाही, तो एक तर हुज्जत घालतो, नाही तर मुकाट्याने मान तुकवतो. दोन्ही गोष्टी नागरिकाला शोभत नाहीत.

तेव्हा यंदा कुणाला पोचवायला किंवा स्वतः जायला विमानतळावर गेलात आणि बरोबर घरातले मूल असले, तर रांगेत वेळ काढण्यासाठी त्याच्या हाती मोबाइल देऊ नका. त्याला गंगा विमानाच्या लाकडी बाँबची गोष्ट सांगा. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्मारकाची सांगा. दूध चाखून दाखवणाऱ्या आईची सांगा. रांग कितीही लांब असली तरी या कहाण्या पुऱ्या होईपर्यंत आपली पाळी येईल. पलीकडे गेल्यावर नळाशी आपली रिकामी बाटली भरून घ्या. ती रिकामी आणायला मनाई नाही.

आणि मग विमान वेळेवर सुटेल, ढगांवर जाईल, आणि काहीही घडणार नाही. रोज लाखो माणसांच्या बाबतीत असे काहीही घडत नाही. ती बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात छापून येत नाही, पण तीच खरी दिवाळीची बातमी आहे.